जागलीवरचा ड्रॅगन: सायफाय आणि फँटसी मालिका बघायला कसं लागावं

ब्रह्मपुरी आणि वडशाच्या मधल्या पट्ट्यात एका गावात माझं मोबाइलचं दुकान आहे. रिचार्ज, स्क्रीनगार्ड, बॅटरी बदलणे, आणि कोणाचा पीक विम्याचा फॉर्म अडला तर तोही. काउंटरवर माझा जुना फोन स्टँडला लावलेला असतो आणि त्यावर काहीतरी चालू असतं. जमिनीखाली राहणारी माणसं, शनीच्या कड्यांतून बर्फ आणणारं जहाज, नाहीतर ड्रॅगन. रिचार्ज मारायला आलेला माणूस दोन मिनिटं बघतो आणि विचारतो, "हे का पाहून रायले जी?"

त्या प्रश्नातून मी आजवर पंधरा-वीस जणांना या नादी लावलं. काही टिकले, काही दोन दिवसांत पळाले. पळालेल्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत चूक माझी होती, कारण मला आवडलेली मालिका मी त्यांच्या गळ्यात मारली. आता नव्या माणसाला काय सांगायचं ते मला बऱ्यापैकी कळलं आहे, म्हणून लिहून ठेवतो.

"हे इंग्रजी शिकलेल्यांचं काम" असं ज्याला वाटतं त्याने स्वतःची दिवाळी आठवावी. भाऊबीजेपासून गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि तिथून होळीपर्यंत आपण झाडीपट्टीतली नाटकं बघत हिंडतो. रात्री दहाला पडदा उघडतो, उजाडायला आलं की घरी. मध्ये चहा, मध्ये दंडारीसारखा नाच, मध्ये डुलकी, पण कथानक सुटत नाही. शहरातली पोरं एका रात्रीत सहा भाग बघितले म्हणून फुशारकी मारतात. आपल्याकडे सत्तर वर्षांची आजी घोंगडी पांघरून तेवढं सहज बसते.

पायरी पहिली: नियम शोधा

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. बाकीच्या पायऱ्या मागेपुढे झाल्या तरी चालेल.

वेताळाची गोष्ट आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. राजाने प्रेत खांद्यावर घेऊन चालायचं, वाटेत तोंड उघडलं की वेताळ परत झाडावर. पण प्रश्नाचं उत्तर येत असूनही राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शंभर शकलं. नियम दोनच, आणि राजा त्या दोन नियमांच्या कात्रीत. प्रेत बोलतं कसं, असं गोष्ट ऐकताना कोणी विचारत नाही. नियम मान्य केला की सगळं लक्ष एकाच गोष्टीवर जातं: आता हा माणूस काय करणार?

सायफाय आणि फँटसीची सगळी रचना याच पायावर उभी असते. आपल्या जगातला एखादा नियम बदललेला असतो, बाकी माणसं तीच. राग तोच, लोभ तोच, सासू-सून तीच. नियम यंत्राने किंवा विज्ञानाने बदलला असेल तर त्याला सायफाय म्हणतात. मंत्र, शाप, वंश, प्राणी यांनी बदलला असेल तर फँटसी. या दोन डब्यांच्या सीमेवर लोक तावातावाने भांडतात. तुम्ही त्यात पडू नका.

पहिले दोन भाग बघताना एवढंच काम करा. नियम कोणता बदलला आहे, ते एका वाक्यात सांगता येतं का बघा. उदाहरणं देतो, म्हणजे अंदाज येईल.

'सेव्हरन्स'. मेंदूत एक शस्त्रक्रिया होते आणि ऑफिसातली आठवण घरी येत नाही, घरची ऑफिसात जात नाही. ऑफिसातला माणूस लिफ्टमध्ये शिरतो आणि त्याच्या हिशेबाने त्याच क्षणी दुसऱ्या दिवशी कामावर हजर होतो. त्याला झोप नाही, रविवार नाही, पोळा नाही. मी हे एका शेजारच्या काकांना समजावून सांगितलं, तर त्यांचा पहिला प्रश्न होता, "मंग पगार कोनाचा?" अख्ख्या मालिकेचं मर्म त्यांनी तीन शब्दांत काढलं होतं.

'द लास्ट ऑफ अस'. मुंग्यांच्या शरीरात शिरून त्यांना हवं तिकडे चालवणारी कॉर्डिसेप्स जातीची बुरशी खरोखर अस्तित्वात आहे. मालिकेत ती माणसांत शिरते. पहिल्या भागाची सुरुवात १९६८ सालच्या एका टीव्ही मुलाखतीने होते. त्यात एक शास्त्रज्ञ म्हणतो की माणसाच्या शरीराची ऊब बुरशीला सोसत नाही म्हणून आपण वाचलो आहोत, पण जग तापलं आणि बुरशीला त्या उबेची सवय झाली तर? धानावर करपा आलेला ज्याने बघितला आहे त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. करपाही बुरशीच. बांधीच्या एका कोपऱ्यात दिसतो आणि आठवड्यात कुठवर गेलेला असतो ते आपल्याला माहीत आहे.

'प्लुरिबस', २०२५ च्या नोव्हेंबरात आलेली. जगातली सगळी माणसं एका मनाची होतात, सगळी सुखी, सगळी गोड बोलणारी, आणि बोटांवर मोजण्याइतकी माणसं तेवढी बाकी राहतात. त्यातली एक बाई चिडकी आहे. नियम एवढाच. गावात ज्याचं कोणाशी पटत नाही अशा प्रत्येकाला ही मालिका आवडेल.

नियम सांगता आला नाही तर मालिका वाईटच असं समजू नका. काही मालिका नियम लपवून ठेवतात आणि शोधायला लावतात. पण पहिली मालिका म्हणून तशी घेऊ नका.

पायरी दुसरी: स्वतःला ओळखून पहिली मालिका निवडा

"सगळ्यात भारी कोणती?" हा प्रश्न चुकीचा आहे. दुकानात कोणी असं विचारलं की मी उलट विचारतो, तुम्हाला चावडीवर कोणत्या गप्पा आवडतात?

भाऊबंदकी आवडत असेल तर 'हाउस ऑफ द ड्रॅगन'. ड्रॅगन, किल्ले, सोन्याचे मुकुट बाजूला काढा आणि काय उरतं बघा: बापाने वारस म्हणून लेकीचं नाव लावलं, मग दुसऱ्या बायकोला मुलगा झाला. संपलं. पुढे जे होतं ते आपण तहसीलच्या आवारात दर मंगळवारी बघतो, फक्त आपल्याकडे फेरफारावर हरकत घेतात आणि त्यांच्याकडे ड्रॅगन सोडतात. नव्या माणसाला एक सूचना: पहिल्या सीझनच्या सहाव्या भागात कथा दहा वर्षं पुढे जाते आणि मुख्य दोन बायकांच्या भूमिकेतल्या नट्या बदलतात. माझ्याकडे एक जण फोन घेऊन आला होता, "भाऊ, मधले भाग उडाले वाटते." काही उडालेलं नसतं. दुसरी सूचना पाचव्या पायरीत येईल, घरच्यांसमोर लावण्याआधी ती वाचा.

पाण्याची भांडणं ज्याने पाहिली आहेत त्याला 'द एक्सपान्स'. सहा सीझन, ६२ भाग, २०१५ ते २०२२. मंगळ आणि गुरूच्या मधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यात कष्टकरी माणसं राहतात, त्यांना हवाही मोजून आणि पाणीही मोजून. शनीच्या कड्यांतून बर्फ कापून आणणाऱ्या एका जहाजापासून कथा सुरू होते. पृथ्वीवाले आणि मंगळवाले भांडतात आणि तहान लागते पट्ट्यातल्यांना. गोसीखुर्दच्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला ज्याची शेती आहे त्याने ही मालिका बघताना बीपीची गोळी जवळ ठेवावी. यातलं विज्ञानही मला फार आवडतं. अर्ध्या वाटेपर्यंत जहाज वेग वाढवतं, मग पाठ फिरवून उरलेली अर्धी वाट वेग कमी करत येतं. सेरेस नावाच्या लघुग्रहाला गरगर फिरवून त्यात वजन निर्माण केलेलं आहे, म्हणून तिथे पेल्यात ओतलेली दारू सरळ पडत नाही, वाकडी धार धरते. कोणी समजावून सांगत नाही. तुम्ही बघता आणि चारपाच भागांनी लक्षात येतं. मात्र पहिले चार भाग धीराने काढावे लागतात, हेही खरं सांगतो.

निवडणुका, पोलीस पाटील, साहेब, कचेऱ्या यांत रस असेल तर 'अँडॉर'. ही 'स्टार वॉर्स' या अवकाशातल्या सिनेमांच्या जगातली आहे, पण त्यातलं आधीचं काहीही न बघता चालतं. मंतरलेल्या तलवारी नाहीत. चोर, कारकून, तुरुंग, कारखाना, आणि हळूहळू बंडाकडे ढकलला जाणारा एक साधा माणूस. दोन सीझन, प्रत्येकी १२ भाग, २०२२ आणि २०२५. बहुतेक तीन-तीन भागांचे गट आहेत, त्यामुळे तीन भाग म्हणजे एक सिनेमा असं धरून बघा. माझ्या मते अलीकडच्या दहा वर्षांत यापेक्षा नीट लिहिलेली सायफाय मालिका झाली नाही. यावर माझ्याशी वाद घालायला दुकानात या, चहा मी पाजतो.

भुताखेताच्या गोष्टी आवडणाऱ्याला 'स्ट्रेंजर थिंग्ज'. ही २०२५ च्या शेवटी पूर्ण झाली. पहिला सीझन सुरेख आहे, पुढे फुगत गेली.

आणि ज्याला फार वेळ नाही, हसायचंही आहे, त्याला 'मर्डरबॉट'. दहा भाग, प्रत्येक साधारण अर्ध्या तासाच्या आतबाहेर. एका रखवालदार यंत्रमानवाने स्वतःवरचं नियंत्रण तोडून टाकलं आहे. तो आता काहीही करू शकतो. आणि तो करतो काय? माणसांची राखण करता करता चोरून सिरियल बघतो. कोणी हाक मारली की चिडतो, कारण भाग अर्धवट राहतो. माझी आई संध्याकाळी सात ते नऊ अशीच असते. मी तिला हा पहिला भाग दाखवला, तर तिला त्याच्याबद्दल इतकी माया वाटली की म्हणाली, "पाहू द्या ना लेकराले."

एक मालिका मी नव्या माणसाला मुद्दाम देत नाही, आणि तीच माझी सगळ्यात लाडकी आहे: 'डार्क'. तिच्यासाठी वेगळी पायरी ठेवली आहे.

पायरी तिसरी: भाषा

मराठी डबिंग या मालिकांना जवळपास मिळत नाही, हे आधीच मान्य करून टाका. मोठ्या मालिकांना हिंदी असतं. 'स्ट्रेंजर थिंग्ज', 'हाउस ऑफ द ड्रॅगन' हिंदीत बघता येतात. मालिका सुरू करून स्क्रीनला एकदा बोट लावा, ऑडिओ आणि सबटायटलचा पर्याय दिसेल, तिथे यादी बघा.

हिंदीत बघायला लाजायचं कारण नाही. पण माझा अनुभव असा की डबिंगमध्ये सगळी माणसं एकाच स्टुडिओतली वाटतात, राजाही आणि नोकरही. म्हणून मी लोकांना एक मधली वाट सुचवतो. पहिला भाग हिंदीत बघा, कथा आणि माणसं ओळखीची होऊ द्या. दुसऱ्या दिवशी तोच भाग मूळ आवाजात, खाली हिंदी किंवा इंग्रजी अक्षरं लावून. अक्षरं पळतात अशी तक्रार सगळेच करतात. त्यावर दोन उपाय आहेत. नेटफ्लिक्सच्या फोनवरच्या अॅपमध्ये वेग ०.७५ करता येतो. आवाज थोडा जड होतो, पण वाचायला वेळ मिळतो. आणि दहा सेकंद मागे जायचं बटण मनसोक्त वापरा. चार-पाच संध्याकाळी हा त्रास होतो. नंतर आपण वाचतो आहोत हेच विसरायला होतं.

पायरी चौथी: डेटा, वीज आणि जागल

इथे शहरातल्या कोणत्याही लेखाचा तुम्हाला उपयोग नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नेटफ्लिक्सचा फक्त मोबाइलवरचा प्लॅन २०२१ च्या डिसेंबरात १९९ वरून १४९ रुपयांवर आला. चित्र साध्या दर्जाचं आणि टीव्हीवर लागत नाही, पण सहा इंची फोनवर फरक जाणवत नाही. जिओसिनेमा आणि हॉटस्टार २०२५ च्या फेब्रुवारीत एक होऊन जिओहॉटस्टार झालं. 'हाउस ऑफ द ड्रॅगन', 'द लास्ट ऑफ अस', 'अँडॉर' तिथे आहेत, आणि बऱ्याच रिचार्जमध्ये ते फुकट येतं. आधी तुमच्या पॅकमध्ये काय काय येतं ते नीट बघा, अर्ध्या गावाला हे माहीतच नसतं. 'द एक्सपान्स' अॅमेझॉनच्या प्राइमवर. 'सेव्हरन्स', 'प्लुरिबस', 'मर्डरबॉट' अॅपल टीव्हीवर. त्यांचं अॅप अँड्रॉइड फोनसाठी २०२५ च्या फेब्रुवारीतच आलं, त्याआधी या मालिका बघायच्या म्हणजे सर्कस होती. सगळं एकदम घेऊ नका. एक महिना एक, दुसऱ्या महिन्यात दुसरं. मालिका कुठे पळून जात नाहीत.

रोजचा दीड-दोन जीबी डेटा रात्री बाराला नवा होतो. बहुतेकांचा अकरा वाजता अर्धा जीबी पडून असतो आणि वाया जातो. तेवढ्यात एक-दोन भाग डाउनलोड होतात. अॅपच्या सेटिंगमध्ये डाउनलोडचा दर्जा साधा ठेवा. ग्रामपंचायतीपाशी वायफाय चालू असेल तर नशीब, सायकल घेऊन तिकडे जा. डाउनलोड मेमरी कार्डात जातील असं सेटिंग करा, नाहीतर फोन भरून बंद पडतो आणि तो घेऊन तुम्ही माझ्याकडे येता. डाउनलोडला मुदत असते हे लक्षात ठेवा: काही गोष्टी पहिल्यांदा चालू केल्यापासून ४८ तासांत संपवाव्या लागतात.

आता जागल. धान लोंबीला आलं की रानडुकरांपासून राखायला मचाणावर रात्र काढावी लागते, आणि थंडीत ज्यांच्याकडे ओलीत आहे त्यांना रात्रीची लाइन आली की मोटर सुरू करायला जावं लागतं. माझं निम्मं 'एक्सपान्स' मी असंच बघितलं आहे. वर खरे तारे, हातात खोटे. त्यापेक्षा चांगलं थिएटर मला ठाऊक नाही. पण काही नियम पाळा. इयरफोन एकाच कानात. दुसरा कान शेताचा, आपल्याकडे वाघ आहे. स्क्रीनचा उजेड अगदी कमी, कारण उजेडातून डोळे उचलले की चार पावलांवरचंही दिसत नाही. दर भागानंतर खाली न उतरता टॉर्च चौफेर फिरवायचा. आणि भीतीची मालिका जागलीवर मुळीच लावू नका. मी एकदा लावली होती. त्या रात्री डुकरं आली असती तरी मी उतरलो नसतो.

मे महिन्यात दुपारी टिनाच्या छपराखाली फोनवर मालिका बघू नका. ४५ अंशांत फोन आपोआप मंद होतो आणि चार्जिंगला लावून बघितलं तर बॅटरी फुगते. दर उन्हाळ्यात माझ्याकडे अशा फुगलेल्या बॅटऱ्यांचा ढीग होतो. धंदा होतो, तरी सांगतो.

राहिला तो मेमरी कार्डात भरून मिळणारा चोरीचा माल. एके काळी मीही बघितलं आहे, आणि त्याची शिक्षाही भोगली आहे. एका बाजारातून 'गेम ऑफ थ्रोन्स'चा पहिला सीझन भरून आणला. फोन फायली अक्षरांच्या क्रमाने लावतो हे तेव्हा ध्यानात आलं नाही. एकनंतर दोन न येता दहा आला. पहिला भाग बघितला, लगेच दहावा. धडधाकट माणूस मेलेला, पोरी परागंदा, राजा दुसराच. मला वाटलं गोष्ट सांगायची पद्धतच अशी असेल, मधलं आपण समजून घ्यायचं. फार मोठी कला आहे असं मित्राला सांगूनही आलो. मग दोन नंबरचा भाग लागला आणि मेलेला माणूस जेवायला बसलेला दिसला.

पायरी पाचवी: कोणासोबत बघायचं

मालिका सुरू होताना कोपऱ्यात वयाचा शिक्का दिसतो: यू, यूए सोबत ७, १३ किंवा १६, आणि ए. तो बघा. 'हाउस ऑफ द ड्रॅगन' ए आहे आणि उगाच ए नाही. हॉलमध्ये सासरे बसलेले असताना पहिला भाग लावलेल्या एका जावयाची हकीकत माझ्याकडे आहे, पण त्याने शपथ घातली आहे. पोरांसाठी वेगळं प्रोफाइल करा, मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावा.

पायरी सहावी: 'डार्क'साठी कॅलेंडर

दोन-तीन मालिका पचल्या की मगच इकडे या. जर्मन मालिका, तीन सीझन, २६ भाग, २०१७ ते २०२०, पूर्ण झालेली. एका छोट्या गावात अणुवीज केंद्र आहे, जंगलात गुहा आहे, आणि एक पोरगा हरवतो. चार घराणी, आणि कोणाचं कोणाशी काय नातं हे समजायला सोयरिकीच्या बैठकीतल्या आत्याबाईची बुद्धी लागते. त्यात १९५३, १९८६ आणि २०१९ अशी तीन सालं. एकच माणूस तीन वयांत, तीन नटांनी केलेला.

उपाय सोपा आहे. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान उलटं करा, तीन उभे रकाने पाडा, वर तीन सालं लिहा. डावीकडे चार आडनावं: नील्सन, कानवाल्ड, डॉपलर, टीडेमन. कोणी नवं दिसलं की त्याच्या रकान्यात नाव टाका. पाचव्या भागापर्यंत तुमचं पान आमच्या तलाठ्याच्या जुन्या रजिस्टरसारखं दिसेल. तसंच दिसायला हवं.

आणि ३३ वर्षांचा फेरा काय आहे, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. इथे आपण पंचांगवाले लोक जर्मनांच्या पुढे आहोत. चंद्राचं वर्ष ३५४ दिवसांचं, सूर्याचं ३६५. दर वर्षी अकरा दिवसांचा फरक पडतो. आपण तो साचू देत नाही, दर अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक महिना घालून मिटवतो. २०२३ ला अधिक श्रावण होता, २०२६ ला अधिक ज्येष्ठ. ज्यांच्या कालगणनेत अधिक महिना नाही त्यांचे सण मागे मागे सरकतात. म्हणून तर आपल्या गावातला मोहरम कधी रोवणीच्या दिवसांत येतो, कधी ऐन उन्हाळ्यात. असा सरकत सरकत पूर्ण चक्कर मारून पुन्हा त्याच ऋतूत यायला त्याला साधारण ३३ वर्षं लागतात. मालिकेने आपला नियम याच फेऱ्यावर बसवला आहे. मी हे एका पोराला समजावत होतो तेव्हा त्याची आजी बाजूला रिकामा डबा घेऊन उभी होती. ती म्हणाली, "एवढं तं मले म्हाईत हाये, तुमच्या सिनेमात का नवीन हाये?" तिला सीझन दुसरा दाखवायची माझी हिंमत झाली नाही.

पायरी सातवी: अर्धवट राहणाऱ्या गोष्टी

मालिका बंद पडतात. 'द व्हील ऑफ टाइम' तीन सीझननंतर २०२५ च्या मे महिन्यात बंद केली, कथा मधेच. 'डार्क' करणाऱ्यांचीच '१८९९' एका सीझनवर २०२३ च्या जानेवारीत थांबवली. 'सेव्हरन्स'चा पहिला सीझन २०२२ च्या एप्रिलमध्ये ऐन कड्यावर सोडला आणि दुसरा आला २०२५ च्या जानेवारीत. मध्ये २०२३ साली अमेरिकेत आधी लेखकांचा आणि मग नटांचा मोठा संप झाला, त्याचा फटका बहुतेक सगळ्यांना बसला. नव्या माणसाने म्हणून पहिल्या दोन मालिका पूर्ण झालेल्याच घ्याव्या. 'अँडॉर' पूर्ण, 'एक्सपान्स' पूर्ण.

दोन भाग बघून लागलं नाही तर सोडा. 'एक्सपान्स'ला चार द्या. याहून जास्त कोणाला देऊ नका.

आणि पुढचं कोणाला सांगू नका. नाटकाच्या मांडवात पुढच्या रांगेतला माणूस खलनायकाचं नाव आधीच ओरडतो, तो आपल्यापैकी कोणीही होऊ शकतो.

पायरी आठवी: आज रात्री

काहीच ठरत नसेल तर 'सायलो'चा पहिला भाग लावा. अॅपल टीव्हीवर आहे. जमिनीखाली १४४ मजले, दहा हजार माणसं. बाहेरची हवा विषारी आहे असं सगळ्यांना सांगितलेलं. नियम हा: "मला बाहेर जायचं आहे" असं जो तोंडाने बोलला त्याला बाहेर पाठवावंच लागतं, शब्द मागे घेता येत नाही. पुन्हा वेताळच. तिसऱ्या भागात सगळ्यात खालच्या मजल्यांवरची एक बाई अख्ख्या सायलोचा जनरेटर बंद करून दुरुस्त करते, वर सगळीकडे अंधार, आणि वेळ मोजलेला. रात्री बाराला जळालेली मोटर वर काढलेल्या माणसाइतकं ते दृश्य कोणाला कळणार?

मागच्या थंडीत दुकान बंद करताना एक म्हातारबा लाइन यायची वाट बघत बसले होते. त्यांना पहिला भाग लावून दिला, हिंदी अक्षरं वाचता येईनात म्हणून मी मधून मधून सांगत होतो. भाग संपला. लाइनही आली होती. ते उठले, टॉर्च घेतली, पायरी उतरले आणि थांबले.

"मंग बाहेरची हवा खराब हाये, हे त्याईले सांगतलं कोनं?"

मी म्हटलं, पुढच्या भागात बघू जी.

"पाहू काहाले? आत्ताच लाव."

मोटर त्या रात्री पाऊण तास उशिरा सुरू झाली.